सूचनावहीत लिहिल्यावर पुढे होतं काय? आमच्या वाचनालयाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी मी कोण ते सांगतो. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचं शासनमान्य वाचनालय आहे, 'ब' वर्ग, तिथे मी शनिवार-रविवार देवघेव काउंटरला बसतो, बिनपगारी, आणि गेली सहा वर्षं सूचनावही माझ्याकडे आहे. महिन्याच्या मीटिंगला ती वही मीच वाचून दाखवतो. तेच तेच प्रश्न काउंटरवर येतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, बाजारात भाजी घेताना पण येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. ही उत्तरं माझी आहेत, मंडळाने ठराव करून मंजूर केलेली नाहीत, कुणाला पटली नाहीत तर शनिवारी या भांडायला.

सूचना लिहून खरंच काही होतं का हो? की वही नुसती शोभेला?

होतं, पण सगळ्याचं नाही. वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य म्हणजे "चांगली पुस्तके ठेवावीत." आता याचं मी काय करू? मीटिंगमध्ये हे वाचलं की सगळे मान डोलावतात, अध्यक्ष म्हणतात बरोबर आहे, आणि पुढचा विषय. याउलट एका ताईंनी लिहिलं होतं, "बालविभागाचं कपाट माझ्या मुलीच्या डोक्याच्या वर आहे, ती स्वतः पुस्तक काढू शकत नाही, दरवेळी मला काढून द्यावं लागतं आणि मग ती मी निवडलेलंच वाचते." पंधरा दिवसांत खालचे दोन कप्पे मोकळे करून चित्रांची पुस्तकं खाली आणली, खर्च शून्य. त्या ताईंनी काय हवंय ते लिहिलंच, पण का हवंय ते पण लिहिलं, म्हणून काम झालं.

मग लिहायची कशी?

पुस्तकाबद्दल असेल तर नाव, लेखक, आठवत असेल तर प्रकाशन. नाव माहीत नसेल तर विषय तरी नीट लिहा, "शेतीवरचं" असं नको, "हापूसच्या जुन्या झाडांची छाटणी" असं. सोयीबद्दल असेल तर दिवस आणि वेळ. "पंखा बंद असतो" यापेक्षा "वाचन कक्षात खिडकीजवळचा पंखा, मंगळवार संध्याकाळ" असं लिहिलं की वायरमनला दाखवता येतं. अक्षर वाचता येईल असं काढा प्लीज, डॉक्टर मंडळी आमचे सभासद आहेत आणि त्यांच्या सूचना मी अजून औषधाच्या दुकानात नेऊन वाचून घेतलेल्या नाहीत पण वेळ येईल.

ती काउंटरवरची दुसरी वही कसली? "नाही-वही" म्हणता ती?

हा माझा आवडता प्रश्न, जरा लांब उत्तर देतो.

सूचनावहीत कोण लिहितं? ज्याला राग आलाय तो, किंवा ज्याला लिहायची हौस आहे तो. पण मला कायम वाटायचं की खरी तक्रार न लिहिता निघून जाते. माणूस येतो, काउंटरवर विचारतो "अमुक आहे का?", आपण म्हणतो "नाही", तो म्हणतो "बरं", चप्पल घालतो आणि जातो. त्याची नोंद कुठेच नाही. वर्षभरात किती पुस्तकं दिली याचा आकडा आमच्याकडे चोख असतो, तपासणीला दाखवावा लागतो, पण किती वेळा "नाही" म्हटलं याचा आकडा कुणीच मागत नाही. मग आम्ही एक शंभर पानी वही घेतली. काउंटरवर कुणीही असो, "नाही" म्हणायची वेळ आली की तारीख आणि काय मागितलं ते एका ओळीत लिहायचं, वाचकाचं नाव त्याची मर्जी असेल तरच.

पहिल्या वर्षी वही उघडून बसलो तर गंमतच. आम्हाला वाटत होतं लोक नवीन कादंबऱ्यांसाठी परत जातात. तर सगळ्यात जास्त वेळा आलेली मागणी होती मोडी लिपी शिकायचं पुस्तक. सूचनावहीत सहा वर्षांत मोडीबद्दल एक अक्षर नव्हतं! नंतर लक्षात आलं, इकडे घरोघरी ट्रंकेत जमिनीचे जुने कागद आहेत, वाटण्या, खरेदीखतं, सगळं मोडीत, आणि गावात वाचणारं आता कुणी उरलं नाही. लोक बिचारे सहज विचारायचे आणि "नाही" ऐकून जायचे. यात तक्रार करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटायचंच नाही. दोन पुस्तकं घेतली, प्रत्येकी दोन प्रती, त्या चारही प्रती बहुतेक वेळा बाहेरच असतात.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचे पाच सिद्धांत १९३१ साली पुस्तकरूपाने आले, त्यातला दुसरा म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि तिसरा म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आमच्या ग्रंथपाल मॅडम कोर्समध्ये हे सगळं पाठ करून आल्या होत्या, मी वही बघून शिकलो. तिसऱ्या सिद्धांताचं काम सूचनावहीने होत नाही आणि नाही-वहीनेही होत नाही, त्यासाठी कपाटासमोर उभं राहून कुठल्या पुस्तकावर धूळ आहे ते बघावं लागतं.

तर थोडक्यात, "नाही" ऐकलंत तर गपचूप जाऊ नका, समोर लिहून घ्यायला लावा.

मी मागणी लिहून सहा महिने झाले, पुस्तक अजून नाही. का?

पैशाचं गणित असं आहे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली आमच्यासारखी संस्थांनी चालवलेली वाचनालयं मान्यता घेतात आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळतं. अशी अकरा-बारा हजार वाचनालयं राज्यात आहेत. अनुदान हप्त्याने येतं, आणि ज्याला सरकारी हप्ता माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. त्यातला मोठा भाग पगारात जातो (आणि तो पगार ऐकलात तर तुम्हीच गप्प बसाल, त्यावर खाली बोलतो), मग वीजबिल, पेपरबिल, बाइंडिंग, आणि उरेल ते पुस्तकांना. नोव्हेंबर २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, खोटं नाही सांगत.

म्हणून खरेदी आम्ही वर्षातून दोनदा एकदम करतो, एकदम घेतलं की विक्रेता सूट बरी देतो. तुमची मागणी खरेदी झाल्यावर दुसऱ्या दिवशी आली तर पुढच्या खरेदीपर्यंत थांबावं लागतं, त्यात तुमचा काही दोष नाही, आमचाही नाही.

एक माहिती म्हणून सांगतो, कारण मंडळातल्या अर्ध्या लोकांना पण माहीत नव्हतं. तमिळनाडू, कर्नाटक इथे ग्रंथालयासाठी वेगळा कर आहे, मालमत्ता करासोबत जमा होतो. महाराष्ट्राच्या कायद्यात तसा कर नाही. आणि आपल्या शेजारी गोव्याने १९९३ चा कायदा करताना दारू-बिअरवर ग्रंथालयाचा अधिभार ठेवला. म्हणजे तिकडे पिणारा माणूस नकळत वाचनालयाला हातभार लावतो. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा खजिनदार म्हणाले, मग आपल्या गावाला तर राज्यातलं सर्वात मोठं ग्रंथालय झालं असतं.

पुस्तकं निवडतं कोण? मंडळातले लोक आपल्या आवडीची घेतात असं ऐकलं.

थोडं खरं आहे, नाही म्हणत नाही. आमच्याकडे एके काळी ऐतिहासिक कादंबऱ्यांची दोन कपाटं झाली होती कारण तेव्हाच्या कार्यवाहांना त्या आवडायच्या. आता चार जणांची ग्रंथनिवड समिती आहे, त्यात एक सभासद मंडळाबाहेरचा असतो. समोर तीन गोष्टी ठेवतो: सूचनावही, नाही-वही आणि शासनमान्य ग्रंथांची यादी. शिवाय कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून पण पुस्तकं येतात, समान निधी (यात राज्य सरकारही आपला वाटा घालतं) आणि असमान निधी (यात राज्याचा वाटा लागत नाही) असे दोन प्रकार आहेत. त्यातून आलेली सगळीच पुस्तकं आपल्या गावाला लागणारी असतात असं नाही. "हे पुस्तक का घेतलं?" असं कधी वाटलं तर ते घेतलेलं नसून आलेलं असू शकतं.

घरी वडिलांची दोनशे पुस्तकं आहेत, वाचनालयाला द्यायची आहेत. तुम्ही यादी का मागता? फुकट देतोय ना?

रागावू नका, पण पुस्तक फुकट आलं तरी ठेवायला फुकट पडत नाही. दाखल रजिस्टरला नोंद, शिक्के, नंबर, पाकीट, कव्हर, कपाटातली जागा, आणि नंतर दरवर्षी मोजणी. शिवाय माळ्यावरून आलेल्या एका खोक्यातून वाळवी आली तर अख्खी भिंत जाते, आमच्याकडे एकदा गेली आहे. म्हणून आधी यादी, मग आम्ही खुणा करून सांगतो कुठली घेऊ. शाळेची जुनी क्रमिक पुस्तकं, २००५ च्या स्पर्धा परीक्षांची गाईडं, अर्धवट संच, हे नको. गावाचा इतिहास, स्थानिक मंडळांच्या स्मरणिका, जुनी हस्तलिखितं, कुणाच्या आजोबांनी छापून घेतलेला कवितासंग्रह, हे सगळं पाहिजे, फाटकं असलं तरी पाहिजे, कारण ते दुसरीकडे कुठे मिळणार नाही. आणि "वडिलांच्या नावाचं वेगळं कपाट करा" ही अट घालू नका, पुस्तकावर नावाचा शिक्का मारतो आम्ही, प्रत्येकावर.

पुस्तक रजिस्टरला आहे, बाहेर दिलेलं नाही, तरी कपाटात नाही. चोरीला गेलं?

शक्यता तीन. एक, कुणीतरी काढून बघितलं आणि भलत्याच कप्प्यात ठेवलं, बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून पाटी लावली आहे, काढलेलं पुस्तक परत कपाटात घालू नका, टेबलावर ठेवा, आम्ही लावतो. लोकांना वाटतं आपण मदत करतोय. दोन, बाइंडिंगला गेलंय. तीन, गेलं.

कपाटं खुली ठेवली की थोडी पुस्तकं जाणारच. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत पण हे धरलेलं आहे, वर्षभरात वाचायला दिलेल्या हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी समजतात. आमच्याकडे काही ज्येष्ठ सभासद म्हणतात परत कुलूप लावा, पूर्वीसारखं, चिठ्ठी द्या मग शिपाई पुस्तक आणून देईल. माझं स्पष्ट मत, नको. कुलपातलं पुस्तक चोरीला जात नाही हे खरं, पण ते वाचलंही जात नाही, आणि चिठ्ठीवर तेच नाव लिहिता येतं जे आधीच माहीत आहे.

पुस्तकं पिवळी, वास मारतो, पानं हातात येतात. काळजी घेत नाही का?

जून ते सप्टेंबर इकडे या, भिंतीला हात लावा, मग बोलू. दमट हवेत बुरशी धरते, कसर लागते, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातला स्वस्त कागद तर लगद्यातल्या आम्लामुळे आपणहून पिवळा पडून कडक होतो, त्याला कुणी काही करू शकत नाही. आम्ही कपाटं भिंतीपासून सोडून लावली आहेत, गणपतीनंतर ऊन पडलं की खिडक्या उघड्या टाकतो, पुस्तकं झटकतो. ऊन थेट दाखवत नाही, शाई उडते.

आणि तुम्हाला हात जोडून विनंती, फाटलेल्या पानाला घरी सेलोटेप लावू नका. चांगल्या मनाने लावता, कळतं, पण दोन-चार वर्षांत तो पिवळा होतो, डिंक कागदात उतरतो आणि पान जिथे फाटलं होतं तिथे नाही तर टेपच्या कडेने तुटतं. नुसतं "पान ४७ फाटलंय" असं चिठ्ठीवर लिहून द्या, आम्ही पातळ कागद आणि खळ लावून करतो.

तुम्ही जुनी पुस्तकं रद्दीत घातलीत म्हणे! लाज नाही वाटत?

याला निर्लेखन म्हणतात, यादी होते, मंडळाचा ठराव होतो, परस्पर गाडीत टाकत नाही. करावं लागतं. दहा वर्षांपूर्वीचं आयकराचं गाईड किंवा विंडोज ९८ शिका हे कपाटात ठेवलं तर वाचकाचं नुकसानच आहे.

पण राग मला समजतो कारण मी स्वतः त्यातून गेलोय. दुसऱ्या एका गावच्या वाचनालयाला माझ्या आजोबांनी त्यांच्याकडचे जुन्या मासिकांचे बांधीव खंड दिले होते, नाव नाही सांगत गावाचं. पुढे मी कौतुकाने बघायला गेलो तर तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, ते ना, ते गेले रद्दीत, कपाट हवं होतं. कुणाला विचारलं नाही, यादी नाही, काही नाही. मी एक शब्द न बोलता एसटीत बसलो. म्हणून आमच्याकडे मी एक पद्धत हट्टाने घातली, निर्लेखनाची यादी महिनाभर आधी फळ्यावर लागते. कुणीही नावापुढे "ठेवा" लिहून कारण दिलं तर ते पुस्तक त्या वर्षी हलत नाही. गेल्या खेपेला यादीतली नऊ पुस्तकं अशी वाचली, त्यातलं एक गावातल्या जुन्या गलबतांच्या धंद्यावरचं होतं आणि आम्हा कुणालाच त्याची किंमत कळली नव्हती.

स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातलाच बॅगा ठेवून जागा अडवतात, आम्ही पेपर वाचायचा कुठे?

सूचनावहीतला सगळ्यात गरम विषय हाच. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असतं, एका पानावर "ही अभ्यासिका नाही, वाचनालय आहे" आणि त्याच्याच खाली दुसऱ्या अक्षरात "आजोबा लोक मोठ्याने बोलतात, राजकारणावर भांडतात, एमपीएससीचा फॉर्म भरलाय आमचा."

खरं सांगू तर दोघांचंही बरोबर आहे. मुलांच्या घरी एक खोली, टीव्ही चालू, बसणार कुठे? आणि ती मुलं आमची पुस्तकं वाचतच नाहीत, स्वतःची आणतात, त्यांना टेबल, लाईट, चार्जिंग आणि शांतता हवी असते. दुसरीकडे निवृत्त माणसाला दिवसातून तास-दीड तास बाहेर पडायला हीच एक जागा आहे. सध्याची तोड अशी: सकाळी साडेआठ ते अकरा खालचा हॉल पेपर वाचणाऱ्यांचा, बॅग ठेवून जागा धरली तर बॅग काउंटरवर येईल. वरची खोली अभ्यासाची, पहाटे सहापासून, किल्ली दोन मोठ्या मुलांकडे आहे आणि तेच शिस्त ठेवतात, आमच्यापेक्षा कडक. भांडणं संपली नाहीत पण वहीत येणं कमी झालं.

पेपरातलं शब्दकोडं कोण सोडवून ठेवतं?

माहीत आहे. सांगणार नाही. पेनने सोडवतात आणि चुकीचं सोडवतात, हे जास्त दुःख आहे.

वर्गणी का वाढवली? सार्वजनिक आहे ना, मग फुकट का नाही?

वाचन कक्षात बसून पेपर, मासिकं, संदर्भग्रंथ वाचायला आमच्याकडे पैसे लागत नाहीत, कुणीही या. पुस्तक घरी न्यायचं तर अनामत आणि मासिक वर्गणी, कारण वर सांगितलं ते अनुदान पुरत नाही. फुकट असावं का? असावं. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात करून दाखवलं होतं, १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून अख्ख्या संस्थानात मोफत ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, खेड्यात लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवायचे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयाचा कायदा केला. आपली परंपरा मात्र जास्त करून वर्गणीची आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, गावातल्या लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी मिळून उभ्या केलेल्या संस्था. त्याचा फायदा असा की सभासद म्हणून तुम्हाला मत आहे. वर्गणी वाढली तेव्हा वार्षिक सर्वसाधारण सभेला अठरा माणसं होती, नंतर वहीत लिहिणारे चाळीस. सभेला या.

परवडत नसेल तर ग्रंथपाल मॅडमना बाजूला सांगा, विद्यार्थ्यांसाठी काही जण वर्गणी भरून ठेवतात, कुणाची भरली ते कुणाला कळत नाही.

दिवाळी अंकांचे वेगळे पैसे का? आणि हवा तो अंक मार्चमध्ये का मिळतो?

कारण ऐंशी-नव्वद अंक एकदम घ्यावे लागतात आणि पुढच्या दिवाळीला त्यांना कुणी विचारत नाही. १९०९ पासूनची प्रथा आहे, मराठी माणूस ती सोडत नाही, आम्हालाही सोडायची नाही. मागणीचे चार अंक सगळ्यांना पहिल्या आठवड्यातच हवे असतात. यंदा त्या चारच्या दोन-दोन प्रती घेतल्या आणि मुदत सात दिवसांची केली, वहीतल्या सूचनेवरूनच. ज्योतिषाचा अंक तरी पण मार्चमध्येच मिळेल, वर्षभविष्य तोवर निम्मं घडून गेलेलं असेल, पडताळून बघा.

अख्खं पुस्तक झेरॉक्स करून द्या, किंवा ग्रुपवर पीडीएफ टाका.

नाही. काही पानं अभ्यासासाठी ठीक, अख्खं नाही. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, मोजणी पुढच्या जानेवारीपासून. म्हणजे १९६० मध्ये गेलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ ला मोकळं झालं. तसलं जुनं हवं असेल तर सांगा, इंटरनेटवर कायदेशीर मिळतं, आम्ही शोधून देतो. पुस्तक भारतात विकत मिळतच नसेल तर सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी तीन प्रतींपर्यंत करता येतात, ती सोय संग्रहासाठी आहे, ग्रुपसाठी नाही. ग्रुपवर पीडीएफ पडली की मी डिलीट करतो, मग माणूस रुसतो, मग त्याची बायको मला बाजारात विचारते काय झालं. कृपा करून टाकू नका.

सगळी यादी मोबाईलवर का दिसत नाही? कुठल्या जमान्यात आहात?

अर्ध्या जमान्यात. निम्म्याहून थोडी जास्त पुस्तकं कॉम्प्युटरला चढली आहेत. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय आहे, कोहा आहे, अडचण सॉफ्टवेअरची नाही. अडचण अशी की हजारो पुस्तकं एकेक करून हातात घ्यायची आणि टाईप करायची, आणि मराठी नावं प्रत्येकाने वेगळी टाईप केली की शोधताना सापडत नाहीत. एका सुट्टीत कॉलेजच्या मुलांनी मदत केली, एकाच लेखकाचं नाव पाच प्रकारे पडलंय, आडनाव आधी, आडनाव नंतर, ऱ्हस्व, दीर्घ, आणि एकाने नुसतं "तात्या". आता एकच माणूस टाईप करतो, हळू होतंय पण बरोबर होतंय. टायपिंग येत असेल तर या, चहा देऊ.

आईला आता दिसत नाही, वाचायची फार आवड होती. काही सोय?

हा प्रश्न वहीत एकदाच आला आणि आम्हाला उत्तर माहीत नव्हतं, तेव्हा शोधलं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल झाला, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तकाचं ऑडिओ किंवा ब्रेल रूप परवानगीशिवाय करता येतं. दृष्टिहीनांसाठीचा मराकेश करार मान्य करणारा भारत पहिला देश, २०१४ मध्ये. आणि सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, तिथे मराठी पुस्तकंही आहेत. नोंदणी करायला कागद लागतात, ते भरायला आम्ही बसतो बरोबर. त्या काकूंची नोंदणी झाली, आणि पुढे त्यांच्यामुळे आणखी तिघांची झाली. तोवर आम्हाला वाटत होतं आमच्या गावात अशी गरज कुणाला नाही.

काउंटरवरची व्यक्ती तुसडेपणाने बोलली. तक्रार कुठे करू? नाव लिहायलाच पाहिजे का?

वहीत लिहा, नाव नको असेल तर पेटीत चिठ्ठी टाका, पेटीची किल्ली कर्मचाऱ्यांकडे नसते. तारीख-वेळ मात्र लिहा. आणि तक्रार खरी असेल तर मी माफी मागायला लावतो, एकदा ती माझ्याबद्दलच होती, मागितली.

पण हे पण ऐका. आमच्या पूर्णवेळ माणसाला महिन्याला जे मिळतं त्यात मुंबईत एका माणसाचं जेवणही भागणार नाही, आणि तेही हप्ता आला की एकदम. तरी तो माणूस तुम्ही कुठलं पुस्तक कधी नेलंत ते न बघता सांगतो. तक्रार करा, पण "काढून टाका त्याला" असं लिहू नका, दुसरा येणार नाहीये कुणी.

मी काय वाचतो ते तुम्ही कुणाला सांगता का?

नाही. नवऱ्याला नाही, बायकोला नाही, शाळेच्या सरांनाही नाही. लहान गाव आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. एकदा एका मुलीने घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेलं, आणि आठवड्याने तिचे काका काउंटरवर "सहज" चौकशी करायला. काही मिळालं नाही त्यांना. पूर्वी पुस्तकाच्या पाकिटातल्या कार्डावर नेणाऱ्याचं नाव असायचं, ते आता बंद करून फक्त सभासद नंबर लिहितो.

अमुक पुस्तक भावना दुखावणारं आहे, काढा.

वेगळा फॉर्म आहे. त्यात पहिला प्रश्न "पुस्तक पूर्ण वाचलंत का?" असा आहे. आजवर सात जणांनी फॉर्म नेले, परत एकच आला.

इथे दाद मिळाली नाही तर पुढे कोण?

आधी कार्यवाहांना लेखी अर्ज, पोच घ्या. मग सर्वसाधारण सभा. अनुदान किंवा कायद्याच्या बाबतीत असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकारी, तपासणी तेच करतात. तपासणीला सूचनावही पुढे ठेवायची आम्हाला लाज वाटत नाही, लाल पेनाने भरलेली असली तरी.

मी मागितलेलं पुस्तक आलं हे मला कळणार कसं?

वहीत नाव आणि फोन असेल तर फोन येतो आणि पुस्तक आठ दिवस काउंटरच्या मागच्या फळीवर तुमच्या नावाची चिठ्ठी लावून थांबतं. नाव नसेल तर नवीन पुस्तकांच्या फळ्यावर बघा, पुस्तकाच्या नावापुढे छोटा गोल काढलेला असेल तर ते कुणीतरी मागितलेलं आहे. आत्ता फळ्यावर अकरा गोल आहेत. त्यातला एक "विहिरीचं दगडी बांधकाम" असं मागणाऱ्याचा आहे, तारीख आहे, नाव नाही. तुम्ही असाल तर या, पुस्तक आलंय.